खांबेटे बाजूला झाले

मैत्रेय कॉलनीच्या समाजमंदिरात पूर्वी सकाळी सातला हास्यक्लब भरायचा. आता तिथं सव्वीस ज्येष्ठ नागरिक रिंगण करून ब्राझीलची कापोएरा खेळत होते. कापोएरा म्हणजे नाचासारखी लढाई की लढाईसारखा नाच, हे कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस वाद घालूनही ठरलं नव्हतं. रिंगणाच्या मधोमध पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले दिगंबर खांबेटे, वय बासष्ट, समोरच्या दामलेंची लाथ चुकवत जमिनीलगत असे वाकले, की पाहणाऱ्याला स्वतःच्या कमरेची काळजी वाटावी.

हे ते अठरा दिवसांत शिकले होते. खरं म्हणजे ते काहीच शिकले नव्हते. शिकलं होतं त्यांचं शरीर. तव्याचा चटका बसला की मेंदूला कळायच्या आत हात मागे येतो. तो निर्णय पाठीच्या कण्यातच होतो. ब्राझीलच्या एका निष्णात खेळाडूचे असे हजारो निर्णय नोंदवून घेतले होते, आणि मानेवर चिकटवलेली मज्जापट्टी तेच निर्णय खांबेट्यांच्या कण्यात गिरवत होती. “डोक्याला विचारायचंच नाही,” असं शिक्षिका वेदांगी पहिल्याच दिवशी म्हणाली होती. खांबेट्यांना ही पद्धत खात्यापासूनच ओळखीची होती.

पट्टी फुकट होती. म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून एका कंपनीची चाचणी चालली होती. खांबेट्यांनी नाव दिलं ते मात्र बायकोसाठी. उज्ज्वलाच्या कानाच्या आतल्या भागात बिघाड होता. दोन वर्षं तिला काही कळायच्या आत चक्कर यायची, आणि खांबेटे पेपर टाकून, एकदा तर गालाला साबण असताना धावत येऊन, तिला धरायचे. मागच्या डिसेंबरात दोघंही पडली. आपण पक्के उभे राहिलो तर तीही राहील, असा त्यांचा साधा हिशोब होता.

बुधवारी ओट्यापाशी पोह्यांचा डबा काढताना ती कलली. खांबेटे हातभर अंतरावर होते. त्यांनी तिला पाहिलं, आणि त्यांचा डावा पाय मागे गेला. कंबर वाकली. ते तिच्या खांद्याखालून अलगद पलीकडे निघाले. हालचाल निर्दोष होती. उज्ज्वलाचं मनगट मोडलं.

“छान जमलं,” ती फरशीवरून म्हणाली.

“मी मुद्दाम नाही गं...”

“पाहिलं मी. चेहरा धरायला येत होता. बाकीचे तुम्ही निघून गेलात.”

खांबेट्यांनी कंपनीला फोन लावला.

“पट्टी वापरणारी व्यक्ती पडली का?” तिकडच्या मुलीनं विचारलं.

“बायको पडली.”

“त्यांची नोंद नाही आमच्याकडे. तुम्ही पडलात का सर?”

“नाही.”

“म्हणजे उपयोग झाला,” ती म्हणाली, आणि तिला खरोखरच बरं वाटलेलं आवाजात कळलं.

त्यांनी पट्टी काढून टाकली. फरक पडला नाही. गिरवलेलं आत राहिलं होतं. मग उज्ज्वला रोज संध्याकाळी डाव्या हातानं त्यांच्या अंगावर उशी ढकलून द्यायची. चौऱ्याऐंशी वेळा उशी जमिनीवर पडली. हळूहळू आणली तर ते धरायचे. पण चक्कर काही हळूहळू येत नाही.

शनिवारी दुपारी वेदांगी घरी आली. “कापोएरात अडवत नाहीत, काका. अंगावर येईल ते चुकवायचं, सगळा खेळ तोच आहे.”

“ती अंगावर येत नव्हती. पडत होती.”

“कण्याला तेवढं कळत नाही.”

“पुसता येईल?”

“पुसता नाही येत. त्याच्यावर दुसरं गिरवता येतं, जास्त ठळक. पण त्याला तशी नोंद लागते. पडणाऱ्या माणसाला न चुकता, वर्षानुवर्षं धरत आलेला कुणीतरी हवा. असा माणूस शोधायचा कुठं?”

“होता की एक,” उज्ज्वला म्हणाली. “दोन वर्षं. पाटबंधाऱ्यातलाच. त्याची नोंद घेतली होतीत का, गिरवायच्या आधी?”

वेदांगीनं चहाचा कप खाली ठेवला. आधीचं काय होतं हे बघायची चाचणीत तरतूदच नव्हती.

उज्ज्वला कप उचलायला उठली आणि कलली. खांबेटे टीपॉयच्या पलीकडे पोचलेले होते; दोन्ही हात पुढे, पाय मागे. वेदांगीनं तिला धरलं. ती हा खेळ ब्राझीलमध्ये साल्वादोरला दोन वर्षं राहून शिकली होती, पट्टीशिवाय, पडून पडून. तिनं उज्ज्वलाचा चांगला हात घट्ट पकडून ठेवला, आणि तिघंही तशीच उभी राहिली.

साडेपाचला वेदांगीची पलीकडच्या सोसायटीत बॅच होती. पाच वाजून गेले होते. तो हात तिनं आता कुणाच्या हातात द्यायचा?