दोनदा चढलेली खिंड

कोमिक गावात हवा इतकी विरळ, की माणूस ‘अगं आई गं’ म्हणायला जातो आणि दम ‘अगं’पाशीच संपतो. आई येते ती पुढच्या श्वासाला. स्पितीच्या त्या उंच वाळवंटात झाड औषधालाही नाही. तिथल्या कावळ्याला टेकायचं झालं तर तो याकच्या शिंगावर टेकतो, आणि याक चालायला लागला की बिचारा न उडता परगावी पोचतो. खोटं वाटत असेल त्यानं जाऊन बघावं.

तर अशा गावात, एका घराच्या स्वयंपाकघरात, गोवऱ्यांवर तापलेल्या लोखंडी शेगडीला बिलगून कागलची शांभवी बसली होती. पाठीमागं तिची भलीमोठी भगवी सॅक, हातात लोणी घातलेला खारट चहा. चव चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती हसत होती. पण मनातून खूश होती. इथं कुणी ‘कुणाची गं तू?’ असं विचारत नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. उंचापुरा गडी आत आला, बुटक्या चौकटीवर त्याचं कपाळ दणकन आपटलं, आणि त्यानं त्या चौकटीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मराठीत. तोही अस्सल कोल्हापुरी मराठीत.

शांभवीच्या कपाळावर आठी उठली. इतक्या लांब यायचं, डोकं दुखवून घ्यायचं, नाकाची सालटी काढून घ्यायची, आणि भेटणार कोण? आपल्याच जिल्ह्यातलं माणूस! तिनं ठरवून टाकलं, तोंड उघडायचं नाही. आपण नेपाळच्या, नाहीतर पेरूच्या.

त्या गड्यानं मात्र बसल्या बसल्या आपल्या बोचक्यातनं कांदा-लसूण चटणीची बरणी काढली आणि कुणाला न विचारता सगळ्यांच्या ताटात चमचा चमचा वाढली. एका जर्मन पाव्हण्यानं ती जिभेवर ठेवली आणि तो उठून थेट बाहेरच्या बर्फाकडं धावला म्हणे. घरमालकीण डोळे पुसत हसली. शांभवीनं मात्र घास खाल्ला, शांतपणे चावला आणि सवयीनं बोलून गेली, “मीठ कमी पडलंय.”

तो गर्रकन वळला. शेगडीच्या उजेडात त्याचे डोळे असे काही लकाकले...

“पावणं, गाव कुठलं?”

झालं! आता ‘पेरू’ म्हणून भागणार नव्हतं. तिनं दातओठ खात ‘कागल’ सांगितलं. मग त्यानं विचारलं, कागलात कुठं, कुणाच्या, गुळाची पेढी असलेल्या शिवपुत्र आप्पांच्या का, म्हणजे बसवेशची थोरली बहीण का. आपण यशराज, गडमुडशिंगीचे, दुभत्या म्हशींचा गोठा आहे, संगं आलेले तिघं दोस्त डोकं धरून खाली काझा गावात आडवे झालेत, म्हणून आपण एकटेच निघालो— असं सगळं त्यानं एका दमात सांगितलं. त्या हवेत एका दमात! शांभवीला त्याचाही राग आला.

आता त्याला काय ठाऊक, की ती तिथं गंमत म्हणून आली नव्हती. तिच्या वडिलांची, शिवपुत्र आप्पांची पेढी कुणाच्या हाती द्यायची, हा घरातला वाद. चार वर्षं ती पेढीवर बसत होती. गुळाच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, टिचकी मारून आत ओल आहे की नाही हे सांगायची. बसवेशला गूळ फक्त चहात ओळखायला यायचा. तरी आप्पांचा कल बसवेशकडं, कारण तो मुलगा. ‘पेढी म्हणजे ओझं हाय, बाळ, तुला झेपायचं न्हाय,’ असं ते मायेनं म्हणायचे, आणि त्या मायेनंच तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा तिनं त्यांच्यापुढं या वाळवंटाचा फोटो धरला आणि विचारलं, इथं एकटी पाठीवर ओझं घेऊन चालून आले तर? ‘जा,’ आप्पा म्हणाले. ‘तुझं ओझं तुझ्याच पाठीवर. कुणाचा हात लागायचा न्हाय. मग किल्ल्या तुझ्या.’ त्यांना वाटलं, पोरगी गप्प बसेल. पोरगीनं बूट घेतले.

कोमिकहून खिंड चढून देमुलला उतरायचं, हा शेवटचा आणि सगळ्यात अवघड टप्पा. आणि त्याच टप्प्यावर हा वळू.

सकाळी ती त्याला चुकवून लवकर निघाली. आभाळ असं निळं, की वर बघितलं तर शर्टाला डाग पडेल. दोन्ही बाजूंना तपकिरी डोंगर, वारा, आणि वाऱ्याखेरीज काही नाही. अर्धा चढ चढल्यावर खाली घळीत झरा दिसला. सॅक वाटेवरच्या दगडाला टेकवून ती बाटली भरायला उतरली. पाणी असलं गार, की बाटलीचेही दात वाजले असतील. चेहऱ्यावर दोन ओंजळी मारून ती वर आली...

सॅक नव्हती.

आधी तिला वाटलं, बिबट्या. बर्फातला बिबट्या सॅक कशाला नेईल, हे तिच्या नंतर लक्षात आलं. मग वर नजर गेली. चढावर एक ठिपका हलत होता. त्याच्या पाठीवर एक ओझं, आणि पोटाशी दुसरं. भगवं.

तिनं हाक मारली. हाक दहा पावलांवर जाऊन बसली, तिलाही दम लागलेला. मग शांभवी चालली. चालली कसली, राग तिला ओढत नेत होता. आदल्या दिवशी चार पावलं टाकून थांबणारी ती आता ओठ चावत, डोळ्यांत पाणी आणत चढत राहिली. खिंडीच्या माथ्यावर प्रार्थनेच्या पताका फडफडत होत्या, आणि त्यांच्याखाली यशराज दगडावर बसून हसत होता, एखाद्यानं आईला काशी दाखवून आणावी तसा.

“या, पावणं. म्हटलं आपल्या गावाकडची पोरगी, दमली असंल, वाईच हातभार—”

“कुणाला विचारून?”

त्याचं हसू तिथंच गोठलं. मग तिनं सगळं सांगितलं. आप्पा, किल्ल्या, अट, चार वर्षं. मधूनमधून श्वास तुटत होता, त्या जागी शिव्या येत होत्या, आणि शिव्यांना मात्र श्वास पुरत होता. यशराज ऐकता ऐकता लहान होत गेला. त्याच्या घरी पाव्हण्याच्या हातातली पिशवी फाटकाबाहेरच काढून घ्यायची रीत. पाव्हणा पिशवी सोडत नसेल तर ओढून घ्यायची. विचारायचं कशाला, विचारलं तर पाव्हणा ‘नको’च म्हणणार! या रीतीनं कुणाचं वाटोळं झालंय असं त्याच्या गावात कुणाच्याही बापजन्मी घडलं नव्हतं.

“कुणी बघितलंय इथं?” तो हळूच म्हणाला. “मी तर बोलणार न्हाय.”

त्यावर तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की पताका क्षणभर फडफडायच्या थांबल्या. तिनं सॅक पाठीवर चढवली आणि जिथून आली तिकडं, खाली उतरायला लागली.

“अवो... कुठं?”

“जिथनं उचललीस तिथं. तिथनं परत वर आणणार.”

अहो-जाहो खिंडीतच राहिलं. ते दोघांच्याही ध्यानात आलं, आणि कुणीच परत आणायला गेलं नाही.

यशराज आपली सॅक चढवून तिच्या मागं उतरला. तिनं बजावलं, येऊ नकोस. तो म्हणाला, वाट काय तुझ्या आप्पांची न्हाय. झऱ्याजवळच्या त्याच दगडाला तिनं सॅक टेकवली, घोटभर पाणी प्याली, आणि पुन्हा चढायला लागली. तो मागं चालत होता, दोन्ही हात खिशात कोंबून. तिचा पाय निसटला की त्याचे हात खिशातनं अर्धे बाहेर यायचे... आणि तिची नजर वळली की परत आत जायचे. अशी किती वेळा खिशाची शिवण उसवली कोण जाणे.

“रागावलीस की लई...” तो एकदा म्हणाला आणि थांबला.

“लई काय?”

“काय न्हाय. वेग वाढतो तुझा.”

तिला हसू आलं. तिनं ते रागानंच गिळलं.

खिंडीच्या अलीकडं मात्र मागची पावलं वाजेनाशी झाली. तिनं वळून बघितलं तर यशराज खाली बसलेला, ओठ निळसर, कपाळ हातात. दोन सॅका घेऊन एकदा, मग परत. गोठ्यात म्हशी उचलणाऱ्या गड्यालाही ती हवा माफ करत नाही. त्याला मळमळत होतं, डोकं फुटत होतं, आणि तरी तो म्हणत होता, काय होत न्हाय, तू हो पुढं, तुझी अट मोडंल.

शांभवी भडकली. मरायला टेकलाय आणि अट सांगतोय! तिनं खिशातला गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला, पाणी पाजलं. मग त्याची सॅक उचलून पोटाशी बांधली. उतरलं तरच हा सुधारणार, आणि कोमिकपेक्षा देमुल बरंच खाली; तिकडची वाट खिंडीपलीकडं होती. “माझ्या खांद्याला धर,” ती म्हणाली. “आणि एक शब्द बोलू नकोस.”

तो बोलला नाही. खांद्यावर मात्र त्याचा हात होता... आधी ओशाळलेला, मग जड, मग उतारावर लागल्यावर पुन्हा हलका. देमुलची जवाची शेतं दिसू लागली तेव्हा त्याला आधाराची गरज उरली नव्हती. हात तसाच होता. तिनंही काही म्हटलं नाही. तुम्ही म्हणाल, लक्षात आलं नसेल. आलं होतं.

देमुलच्या घराच्या गच्चीवर, गवताच्या भाऱ्यांमधल्या एकाच कोपऱ्यात फोन लागत होता. तिनं आप्पांना सगळं सांगितलं. झऱ्यासकट, गडमुडशिंगीसकट. मागून बसवेशचं हसणं ऐकू आलं: हात लागला, संपलं! यशराजनं फोनसाठी हात पुढं केला. तिनं मान हलवली. माझं मी बोलते.

“आप्पा, त्यानं नेलेली सॅक मी परत खाली आणली. तिथनं पुन्हा वर नेली. वर त्याची बी नेली, आणि त्यालाबी. आता ओझं कुणी वाहिलं ते तुम्ही ठरवा.”

 मग आप्पा म्हणाले, “परत खाली कशाला आणलीस गं? मला कुठं दिसत होतं?”

“मला दिसत होतं की.”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “बसवेश,” आप्पा फोन बाजूला न धरताच म्हणाले, “त्या खुंटीवरच्या किल्ल्या काढ.”

शांभवी गवताच्या भाऱ्यावर बसली आणि ढसाढसा रडली. यशराज शेजारी उभा राहून डोंगराकडं बघत राहिला. त्याला तिचे डोळे पुसायचे होते. पण हात खिशात होते. बिचारा शिकला होता, तेही नको तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दोस्तांना आणायला त्याला काझाला परतायचं होतं. गाडी आली. शांभवी वाट बघत होती... तो काहीतरी म्हणेल. खाली बघत, मान खाजवत, काहीतरी. तो म्हणाला, “येतो.” आणि गेला. येतो! जशी काय पलीकडच्या गल्लीत निघालीय स्वारी! धूळ बसेपर्यंत ती तिथंच उभी होती, आणि एवढा राग तिला खिंडीतही आला नव्हता.

कागलला परतून तिनं पेढी ताब्यात घेतली. रवे उतरवून घेताना, हमालांशी बोलताना, अडत्यांना फोन करताना ती सगळं नीट करी. फक्त कुणी गडमुडशिंगीचं नाव काढलं की टिचकी इतकी जोरात बसायची की रव्याला तडा जायचा. महिना गेला. ना फोन, ना निरोप. आप्पा वर्तमानपत्राआडून बघायचे.

आणि एका दुपारी तो दारात उभा. या वेळी चौकटीला वाकून आला. वाळलेला, दाढी वाढलेली.

“गूळ पाहिजे?” तिनं वर न बघता विचारलं.

“न्हाय.”

“मग?”

तो सांगत गेला. घरी तिचं नाव काढलं तेव्हा वडील महिनाभर बोलले नाहीत, लिंगायताघरची पोरगी म्हणून. त्यांचा होकार घेतल्याशिवाय इकडं कुठल्या तोंडानं यायचं? तो कालच मिळाला. आणि त्यानं मटण सोडलंय. आईला वाटलं कावीळ झाली, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दोन डॉक्टरांना दाखवून झालं.

“मी सांगितलं सोडायला?” शांभवी उठून उभी राहिली. “परत न विचारता? महिनाभर एकट्यानंच सगळं ओझं घेऊन बसलास, आणि मी हितं... तुला वाटलं काय, माझी वाट बघायची ताकद गुळाच्या रव्याएवढी हाय?”

“म्हणून तर आलोय. विचारायला.” त्यानं आप्पांच्या वर्तमानपत्राकडं बघितलं.

“तिकडं काय बघतोस? मला विचार.”

तो वळला. ओठ कोरडे, कान लाल.

“लगीन करशील माझ्याशी? न्हाय म्हणालीस तरी चालंल... म्हंजे चालणार न्हाय. पण ऐकून घेईन.”

 वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं. तेवढ्यात बाहेरून गाडीचा हॉर्न वाजला, आणि यशराजचा चेहरा पडला.

“गाडीत कोण हाय?”

“आई.”

“आईला... उन्हात बसवून आलायस?”

आधी तुला विचारायचं, मग तिला आत बोलवायचं, असं काहीतरी तो पुटपुटत होता, पण ऐकायला ती होतीच कुठं? ती तरातरा पायऱ्या उतरून गाडीपाशी पोचली होती. दार उघडलं. आत घामाघूम झालेली एक ठेंगणी बाई, मांडीवर पेढ्यांचा पुडा. तिनं शांभवीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिच्यापेक्षा मोठ्यांदा तक्रार केली, की कार्टं म्हणालं, तू फक्त गप बसून ऱ्हा, आणि गाडीची काच सुद्धा खाली करून गेलं न्हाय.

दोघींनी मिळून दारात उभ्या असलेल्या यशराजकडं बघितलं. तसं बघणं एका बाईचं असलं तरी सोसत नाही.

शांभवीनं हात पुढं केला. अनोळखी बाईला मावशी म्हणता येतं, काकू म्हणता येतं. त्या भागात एकच हाक अशी आहे, जी पोरगी वडिलांच्या बहिणीखेरीज फक्त सासूला मारते.

“चला आत, आत्या,” ती अजून रागातच म्हणाली. “याच्याकडं नंतर बघू.”

पेढीत आप्पांच्या हातातनं वर्तमानपत्र खाली पडलं.