नववा कपडा

दाराची बेल एकदा वाजली की पाहुणा आला असं समजावं आणि लागोपाठ पाच वेळा वाजली की भांडण. दिवाळीच्या आधीच्या रविवारी, डोंबिवलीच्या एका चार मजली इमारतीत, मधुराच्या दारात भांडण आलं ते बनियन आणि बर्म्युडा घालून.

"माझे कपडे कुठायत?"

मधुराचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. कपाट उपसताना नाकातोंडात धूळ गेली होती, केस कसेबसे डोक्यावर बांधले होते, आणि समोर हा लालबुंद झालेला कोण कुठला माणूस...

"मला काय विचारताय? तुमचे कपडे तुम्ही सांभाळा!"

"सांभाळलेच होते. गोपीनाथ इस्त्रीवाल्यानं तीनशे तीनच्या ऐवजी दोनशे तीनच्या दारात ठेवले. फोनवर म्हणतो, हिरव्या चादरीत बांधून ठेवलेत साहेब." त्यानं रिकाम्या पॅसेजकडे हात केला. "कुठाय हिरवी चादर?"

हिरवी चादर... आणि मधुराला आठवलं.

तासाभरापूर्वी शकू बोहारीण येऊन गेली होती. जुने कपडे न्यायचे आणि बदल्यात स्टीलची भांडी द्यायची, हा तिचा धंदा. एरवी ती एकेक कपडा उलटासुलटा करून तासभर घासाघीस करायची. पण आज मधुरा आतूनच ओरडली होती, "शकूमावशी, उघडू नकोस, बोलू नकोस! बाहेर गाठोडं असेल ते उचल आणि काय द्यायचं ते देऊन जा!" रागाच्या भरात सोडलेल्या हुकमाला असंच फळ येतं. शकूनं गाठोडं उचललं आणि पोळ्यांचा डबा ठेवून ती गेली.

"एक... डबा आहे," मधुरा म्हणाली.

"काय?"

"तुमच्या कपड्यांवर आलाय. चांगला आहे. झाकण घट्ट बसतं."

"माझे आठच्या आठ कपडे तुम्ही बोहारणीला दिले?"

"आठ कपड्यांसाठी एवढा तमाशा?"

"आठच आहेत माझ्याकडे! पाच शर्ट, तीन पँटी. संपलं!"

"साधू आहात का?"

"भाडेकरू आहे," तो दात आवळून म्हणाला. "दर अकरा महिन्यांनी अ‍ॅग्रीमेंट संपतं. दिव्यात दोन घरं झाली, कल्याणला तीन, आता हे. जे एका रिक्षात मावतं तेवढंच ठेवतो मी. उद्या सकाळी सातला दहावीची बॅच आहे. बनियनवर शिकवू भूमिती?"

त्याचं नाव प्रफुल्ल. चेहरा बघून कुणाला पटलं नसतं. पण मधुरानं त्याला हसू नये, तिचंही तेच होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! ठाण्याला, नौपाड्यातल्या दवाखान्यात ती दिवसभर लोकांच्या आखडलेल्या माना मोकळ्या करायची, आणि घरी आली की तिची स्वतःची मान रागानं ताठ.

एवढ्यात तिच्या डोक्यात दुसरा प्रकाश पडला. आपण तर चार गाठोडी बाहेर ठेवली होती! मग शकूला एकच कसं दिसलं?

"आई!"

नंदाताई आतल्या खोलीत पलंगाखाली चौथं गाठोडं ढकलत होत्या. "अगं, चांगले कपडे आहेत गं... लग्नात लागतील."

"कुणाच्या लग्नात?"

नंदाताईंनी मान खाली घातली. दारातला बनियनवाला माणूससुद्धा खाली जमिनीकडे बघायला लागला.

कुणाच्या लग्नात, हाच तर प्रश्न होता. दोन वर्षांपूर्वी मधुराचा साखरपुडा झाला होता. मुलगा सुमित, ठाण्याचा. त्याच्या आईनं शंभर माणसांत शालू उलगडून दाखवला होता, "शुद्ध जरीचा आहे हो, येवल्याहून मुद्दाम विणून आणलाय." बस्ता बांधून झाला, हॉल ठरला, आणि लग्नाला महिना असताना सुमितचा मेसेज आला. आपलं जमणार नाही. तू फार चिडतेस. अंगठी परत गेली, चांदीची भांडी परत गेली. शालू मात्र त्यांनी घेतला नाही. नेसलेली साडी परत कशी घ्यायची? 'राहू दे तिला,' असं वर उपकार केल्यासारखं म्हणाले.

तेव्हापासून तो शालू कपाटाच्या वरच्या कप्प्यात होता आणि त्याच्याखाली ते न झालेलं लग्न घड्या घालून ठेवलेलं होतं. अठरा साड्या, सात ड्रेस. रोजचे कपडे खुर्चीवर. मधुरानं हे कपाट चार वेळा रिकामं करायला काढलं होतं. प्रत्येक वेळी आईनं थोडं परत ठेवलं. आणि शालू? खरं सांगायचं तर शालू प्रत्येक वेळी मधुरानंच परत ठेवला होता. आजही चारपैकी एकाही गाठोड्यात तो नव्हता. राग टाकून द्यायचा म्हटलं तरी हात सुटत नाही.

तिनं शकूला फोन लावला. शकू एव्हाना आंबिवलीला घरी पोचली होती.

"दिलेलं परत नसतं ताई. बरकत जाते माझी," शकू म्हणाली. "कपड्याला कपडा देत असाल तर बघते. जरीचं काय आहे का?"

मधुरा फोन ठेवून सरळ कपाटाकडे गेली. शालू पिशवीत कोंबला. आई "अगं, अगं" करत राहिली.

"चला," ती प्रफुल्लला म्हणाली. "स्कूटर आहे ना? की तीसुद्धा रिक्षात मावत नाही म्हणून विकली?"

"आहे. पण असा येऊ?"

तिनं ढिगातून हाताला लागला तो टी-शर्ट त्याच्या अंगावर फेकला. मैत्रिणींनी लग्नासाठी सारखे टी-शर्ट छापून घेतले होते, त्यातला हा चुकून ढगळ आलेला. गुलाबी. छातीवर चमचमत्या अक्षरांत 'टीम ब्राइड'.

प्रफुल्लनं टी-शर्टाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हा?"

"घालायचा तर घाला. नाहीतर बनियनवर चला."

पत्रीपुलावर नेहमीची कोंडी. शेजारच्या रिक्षावाल्यानं प्रफुल्लच्या छातीवरची अक्षरं लावून वाचली आणि गंभीरपणे म्हणाला, "दादा, अभिनंदन."

"गाडी बघ ना बाबा तुझी!" प्रफुल्ल खेकसला. मागे मधुराला हसू आलं. तिनं ते मोठ्या मुश्किलीनं गिळलं, आणि आरशात बघते तो दोन डोळे तिच्याकडेच.

"आरशात माझ्याकडे बघू नका."

"मागचा ट्रक बघतोय."

"इतका वेळ?"

"चिडलेला आहे ट्रक. लक्ष ठेवावं लागतं."

शकूचं घर म्हणजे पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत कपड्यांचे डोंगर. सगळ्या गावाची कपाटं तिथे येऊन पडलेली. प्रफुल्लचे शर्ट कडक इस्त्रीत वेगळे ठेवलेले होते, सगळ्यात वर मोरपंखी चौकड्यांचा एक, इतका भयंकर की मधुराला वाटलं, हा तरी विकून टाकायचा होतास, मावशी.

"आणा," शकूनं हात पुढे केला.

मधुरानं पिशवीतून शालू काढला... पण शकूच्या हातात देईना. बोटं जरीत अडकल्यासारखी झाली. शंभर माणसं, तो हॉल, 'राहू दे तिला'.

"नको," प्रफुल्ल हळूच म्हणाला. त्याच्या आवाजातला राग कुठे गेला कोण जाणे. "राहू दे ती साडी. मी नवीन शर्ट घेईन. चार दिवस गुलाबी घालीन."

"तुम्हाला विचारलं?" मधुरा कडाडली आणि तिनं शालू शकूच्या मांडीवर आपटला.

शकूनं पदर उलटा केला. जरीवर नख ओढलं. मग काठाचा एक धागा उपसून काडी पेटवून त्याला लावली. धागा आकसला, वितळला आणि त्याच्या टोकाशी काळा मणी झाला.

"हे प्लास्टिक हाय, ताई."

"काय?"

"रेशीम जळलं की केस जळल्यावानी वास येतो. हे वितळलं. जर बी नाय, रेशीम बी नाय. कोणी फसवलं तुम्हाला?"

मधुरानं तो मणी बोटानं दाबून बघितला. कडक होता.

शकूला काय वाटलं कोण जाणे. तिनं गुलाबी टी-शर्टातल्या प्रफुल्लकडे बघितलं आणि शर्टांचं गाठोडं पुढे ढकललं. "डबा ठेवा, हे घेऊन जावा. बघवत नाय ह्यांच्याकडं. ही साडी बी न्या परत."

"नाही," मधुरा म्हणाली. "ही ठेव. फुकट ठेव. मी घरी नेणार नाही."

"फुकट नाय घेत मी." शकूनं टोपलीत हात घातला आणि तिच्या हातावर काहीतरी ठेवलं. स्टीलचा एक चमचा.

बाहेर रस्त्याकडेच्या टपरीवर चहा हातात आला आणि मधुरा फुटली. "दोन वर्षं! दोन वर्षं मी प्लास्टिकला डांबराच्या गोळ्या घातल्या! पावसाळ्यात ऊन पडलं की वाळवायची, मऊ कपड्यात गुंडाळायची... आणि तो मला म्हणतो, तू चिडतेस! मी कमी चिडले! मी दहा पट चिडायला पाहिजे होतं!" डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हातात तो चमचा तलवारीसारखा धरलेला.

प्रफुल्लनं गुलाबी बाहीनं आधी स्वतःचं तोंड झाकलं. पण खांदे हलत होते.

"हसताय?"

"नाही."

"हसताय तुम्ही!"

"डांबराच्या गोळ्या..." तो कसाबसा म्हणाला, आणि मग तीही हसायला लागली. रडता रडता, नाक पुसत. किती दिवसांनी हसली ते तिलाही आठवेना.

"माझ्या चिडण्याची भीती नाही वाटत?" तिनं विचारलं.

"मी कुठे शांत आलेलो? पाच वेळा बेल वाजवली." त्यानं तिच्या हातातला चमचा अलगद काढून घेतला, दोन्ही ग्लासांतली साखर ढवळली आणि परत दिला. "कारण असेल तर चिडावंच माणसानं."

त्या दिवाळीत मधुराचं कपाट खरोखर रिकामं झालं. आईनं दोन साड्या लपवल्याच, पण तेवढं चालायचं. दार उघडलं की आता हवा लागायची. आणि तिसऱ्या मजल्यावरचा माणूस रोज संध्याकाळी जिन्यात भेटायला लागला. कधी चहा, कधी उगाच भांडण. 'तुम्ही'चं 'तू' झालं तेही भांडणातच. गुलाबी टी-शर्ट परत करायचं मात्र तो रोज विसरायचा.

आणि मग संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोपीनाथ इस्त्रीवाला दारात सहज बोलून गेला, "तीनशे तीनवाले साहेब चाललेत. टिटवाळ्याला रूम बघितली."

मधुरा पायात चपला न घालताच जिना उतरली. खाली रिक्षा उभी होती. गादी, पुस्तकं, स्टोव्ह. अकरा महिन्यांचं सगळं बिऱ्हाड.

"कधी सांगणार होतास?"

प्रफुल्ल दचकला. "आत्ता वर येणारच होतो."

"सामान भरून? तीन महिने जिन्यात बसून माझं डोकं खाल्लंस, आणि मला हे गोपीनाथकडून कळतं? इस्त्रीवाल्याकडून?"

"तू चिडशील म्हणून..."

"मी चिडतेच! तुला माहितीय!" तिचा आवाज फाटला. वरच्या गॅलऱ्यांत डोकी दिसायला लागली. "सांगून गेलास तरी चिडणार, न सांगता गेलास तरी चिडणार. तू जातोयस म्हणून चिडलेय मी, मूर्खा!"

रिक्षावाल्यानं रिक्षा बंद केली. ऐकण्यासारखं होतं.

प्रफुल्ल रिक्षापासून दोन पावलं तिच्याकडे आला. मग म्हणाला, "मला घर सोडायची सवय आहे गं. राहू का, असं कुठे विचारायची नाही. पाच घरं सोडली, कधी काही वाटलं नाही. हे सोडवत नाहीये." त्यानं पिशवीतून गुलाबी टी-शर्ट काढला. "हा परत द्यायला येणार होतो. पण द्यायचा नाहीये मला. आठाचे नऊ झाले माझे. तुझ्या कपाटात..." तो अडखळला. "नऊ कपड्यांची जागा होईल?"

मधुराला तिथल्या तिथे हो म्हणायचं होतं. पण चिडलेल्या माणसानं एकदम विरघळायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न असतो.

"आठ," ती म्हणाली. "तो मोरपंखी चौकड्यांचा मी ठेवून घेणार नाही."

"तो शकूला."

"चमचासुद्धा यायचा नाही त्याच्यावर." तिनं डोळे पुसले. "हे असं रस्त्यात नाही चालायचं. टिटवाळ्याला सामान टाक आणि संध्याकाळी घरी ये. आईला रीतसर विचार. धड कपडे घालून ये. आणि बेल एकदाच वाजव, सभ्य माणसासारखी."

संध्याकाळी मधुरा धुतलेल्या केसांनी दाराच्या आत उभी होती. आईला म्हणाली, सहज उभी आहे.

बेल वाजली. एकदा. दोनदा. तीनदा, चारदा, पाचदा.

"काय ही पद्धत!" म्हणत तिनं तणतणत दार उघडलं. प्रफुल्ल समोर उभा होता. कडक इस्त्रीची पँट, हातात तिळगुळाचा डबा आणि अंगात गुलाबी टी-शर्ट.