बाजरीवरची फीत

"हितेश, डबी रिकामी आहे!"

अवसरी बुद्रुकच्या घरात, पत्र्याच्या पेटीपुढे बसलेल्या स्वप्नानं कॅसेटची डबी उघडून दाखवली. आत फक्त एक कागद होता. त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं : 'जीप. संगणकाचा खेळ. यावर गाणी भरू नयेत. नवनाथ, मे १९९१.'

"बरोबर दहा वर्षं झाली!" हितेश म्हणाला.

"आणि कुणीतरी गाणी भरलीच असणार," त्याची बहीण रिंकू म्हणाली. "मोठ्या माणसांना 'नये' लिहिलेलं दिसतच नाही!"

हितेश तेरा वर्षांचा. नारायणगावात त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानावरच्या माळ्यावर हितेशचा संसार : बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या फ्लॉप्या, कोपरे तुटलेली व्हिडिओ गेमची कार्ट्रिज, जुन्या खेळांच्या कॅसेटी. प्रत्येक वस्तू स्वतंत्र पिशवीत. बुटांच्या खोक्यात ओल शोषायच्या ज्या पुड्या येतात, त्यातली एकेक पुडी प्रत्येक पिशवीत. भंगारवाल्याकडून आणलेला एक जुना संगणकही तिथे होता. तो टीव्हीला जोडायचा आणि त्याला टेपरेकॉर्डरवरून खेळ ऐकवायचे.

रिंकू आणि स्वप्ना नारायणगावच्याच शाळेत एका वर्गात होत्या. मे महिन्याच्या सुट्टीत तिघं चार दिवसांसाठी स्वप्नाच्या चुलत्यांकडे आली होती, ती खास या कॅसेटसाठी.

नवनाथ स्वप्नाचा मोठा भाऊ. तो अठराव्या वर्षी काविळीनं गेला, तेव्हा स्वप्ना चार वर्षांची होती. तिला त्याचा आवाज आठवत नव्हता. चेहरा आठवायचा, पण तो भिंतीवरच्या, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फोटोतला. घरी आबा, तिचे वडील, त्याचं नावही काढत नसत. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "शाळेच्या संगणकावर त्यानं खेळ केला होता. जीपचा. त्यात घरातल्या सगळ्यांना बसवलंय म्हणायचा. तुला बसवलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. तू केवढीशी होतीस!"

स्वप्नाला तेवढंच हवं होतं. त्या जीपमध्ये आपण आहोत की नाही.

दुपारी जेवताना तिनं चुलत्यांना, हौशीराम नानांना, सहज विचारल्यासारखं विचारलं, "नाना, दादाच्या पेटीत एक कॅसेट होती ना?"

"ती व्हय? कागदावरचं मला कुठं वाचता येतंय, पर बाद व्हती ती!" नानांनी भाकरी मोडली. "टेपात घातली तर नुसतं चर्रर्र! चीं चीं! मला वाटलं टेपच बिघडला. उचलला आन् मंचरला नेला की राव! तिथला पोरगा म्हनतो, काका, टेप चांगला हाय, कॅसेट बदला."

"मग टाकली?" हितेशचा घास हातातच राहिला.

"टाकतोय कशाला? हाय की कामाला!" नाना हसले आणि पाणी द्यायला निघून गेले.

"कामाला?" रिंकू कुजबुजली. "वाजत नाही अशा कॅसेटला काय काम असतं?"

उत्तर त्यांना शेताच्या बांधावर मिळालं. उन्हाळी बाजरी कणसात आली होती. वारा आला की सगळ्या शेतावरून एक घूंऽऽ असा आवाज उठायचा, आणि पाखरांचा थवा खाली उतरता उतरता पुन्हा वर जायचा. काठीपासून काठीपर्यंत एक बारीक तपकिरी पट्टी ताणलेली होती. उन्हात ती लखलखत होती.

हितेशनं बांधावरून कॅसेटचं फुटलेलं कवच उचललं. आत फीत नव्हती.

"स्वप्ना," तो हळूच म्हणाला, "हाच तो खेळ."

काठीला मारलेल्या गाठीकडे स्वप्ना बघत राहिली. नानांची गाठ. शेळीच्या दाव्याला ते तशीच मारत.

"चल, नानांना सांगू!" रिंकू निघालीच.

"नाही!" स्वप्नानं तिचा हात धरला. "दादाला नानांनीच खांद्यावर घेऊन वाढवलंय. या फितीत दादाचा खेळ होता हे त्यांना कळलं, तर ते जेवायचे नाहीत. त्यांना कळता कामा नये."

"पण मग काढायची कशी? ते म्हणतील, माझी पाखरं!"

तेवढ्यात नानांची हाक आली. "पोरांनू, परवा सोंगणी हाय! मग फीत नि काड्या गोळा करून बांधावर पेटवायला या, मजा येती!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाजरी कापायच्या आधी हातात एकच दिवस होता.

हितेशनं वहीत गणित मांडलं. "कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. असा खेळ साधारण पाच मिनिटांचा. म्हणजे सव्वाचौदा मीटर. पण कॅसेटमधल्या एकूण नव्वद मीटरमधले ते सव्वाचौदा कुठले, हे नुसतं बघून कळणार नाही. सगळीच न्यावी लागेल."

"आणि नानांच्या बाजरीला काय घालायचं?" स्वप्नानं विचारलं. "त्यांचं नुकसान नाही करायचं."

"जीपवाले!" रिंकूनं टाळी वाजवली. "त्यांच्या टेपनं खाल्लेल्या कॅसेटी प्रत्येक जीपच्या खणात पडलेल्या असतात!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं दोघं बहीण-भाऊ नारायणगावला गेली आणि उन्हं चढायच्या आत नऊ मेलेल्या कॅसेटी घेऊन परत आली.

"नाना, तुमच्या फितीचा आवाज बसलाय," रिंकू गंभीर चेहरा करून म्हणाली. "ऐका बरं. म्हाताऱ्यासारखा घुमतो. ही नवी लावून देऊ?"

नानांनी कान दिला. "मला तर झ्याक वाटतोय."

"पाखरांना विचारा! ती बघा, उतरली!"

खरोखरच चार चिमण्या उतरल्या होत्या. नानांनी डोकं खाजवलं. "उद्या सोंगणी, आन् आज नवी फीत? तुमच्या डोक्यात काय शिजतंय?"

स्वप्नानं हितेशकडे पाहिलं.

"सुट्टीचा प्रयोग आहे, काका," हितेश म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे आणि हे खोटं नव्हतंच. "फितीवर उन्हाचा काय परिणाम होतो, ते बघायचंय."

"करा बाबांनो, करा! पर माळ्यावर एकानं ऱ्हायाचं, पाखरं हाकायला!"

रिंकू शेतातल्या मचाणावर, नानांच्या माळ्यावर, चढली आणि पत्र्याचा डबा बडवू लागली. खाली दोघांनी काठीकाठीनं फीत सोडवली. घुमावी म्हणून नानांनी तिला पीळ दिला होता. तो उलगडताना तपकिरी लेपाला बोट लागू द्यायचं नव्हतं. स्वप्ना पीळ सोडायची, हितेश धुवट मलमलीच्या घडीतून फीत ओढायचा आणि दुसऱ्या कॅसेटच्या कवचात, चाकात पेन्सिल घालून, गुंडाळायचा. तीन ठिकाणी ती तुटलेली होती. दोन ठिकाणी टोकं समोरासमोर मिळाली. ब्लेडनं तिरपी कापून त्यांनी ती मागच्या बाजूनं चिकटवली. तिसऱ्या ठिकाणी मधला तुकडाच नव्हता. दोन काठ्यांमधलं अंतर मोजून त्यांनी हिशेब केला. साठ सेंटिमीटर.

"बारा-तेरा सेकंद," हितेश म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत ते बाजरीच्या तासांतून वाकून हिंडले. कुसळं अंगभर टोचली. तुकडा सापडला नाही.

"कदाचित कोऱ्या भागातला असेल," रिंकू म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

स्वप्नानं मान हलवली. तिला ते खरं वाटलं नाही.

सोंगणी झाल्यावर नाना मुलांना पोचवायला नारायणगावला आले. संध्याकाळी दुकानावरच्या माळ्यावर टीव्ही लावायचं ठरलं, तेव्हा स्वप्नानं आई-आबांनाही बोलावलं. पण नाना आपण होऊन मागोमाग जिना चढून आले. त्यांना थांबवायचं कसं, हे कुणालाच सुचलं नाही.

हितेशनं टेपचं बटण दाबलं.

चर्रर्र! चीं चीं चीं!

"अरे, ह्योच आवाज!" नाना उठून उभे राहिले. मग त्यांनी टेपमध्ये फिरणाऱ्या कॅसेटकडे पाहिलं, आणि मुलांकडे. कुणी मान वर केली नाही. "बाजरीवरची हाय का ही? त्यात... नवनाथचा खेळ व्हता?"

"नाना, तुम्हाला माहीत नव्हतं," स्वप्ना म्हणाली.

नाना खाली बसले. डोक्याची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "माझ्या हातानं ताणली मी," ते म्हणाले.

पडद्यावर तुकड्यांचे आकडे सरकत होते. हा संगणक खेळ थोडा थोडा करून वाचत असे. मध्येच तो अडला. हितेशनं फीत मागे नेली, पुन्हा वाजवली. पाच वेळा. सहाव्यांदा त्यानं बटण बंद केलं.

"खेळ चालणार नाही," तो म्हणाला. "मधल्या ओळी गेल्यात. मी अंदाजानं भरू शकतो, पण मग तो नवनाथदादाचा खेळ राहणार नाही. जेवढं आलंय तेवढं वाचू."

पडद्यावर पांढऱ्या रोमन अक्षरांच्या ओळी उमटल्या. जीप कशी वळते, वजन जास्त झालं की कशी कलंडते. मग नावांची ओळ आली.

हितेश एकेक वाचू लागला. "आई. आबा. नाना. काकी. ठमाआत्या..." तो थांबला. "इथे ओळ तुटलीय."

त्यापुढे नुसती चौकटी-ठिपक्यांची गिचमिड होती. साठ सेंटिमीटर.

स्वप्नानं पडद्याला बोट लावलं, जणू घासलं तर अक्षर निघेल. रिंकूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आईनं पदर तोंडाला लावला. खाली दुकानात कुणी कापड फाडत होतं, त्याचा आवाज वर येत होता.

"थांब," हितेश एकदम म्हणाला. "थांब, थांब! वजनांची ओळ शाबूत आहे! शेहेचाळीस, अठ्ठावन्न, एकसष्ट, बावन्न, चाळीस आणि नऊ. आकडे सहा आहेत. नावं पाच!"

"म्हणजे सहावा कुणीतरी होता!" रिंकू ओरडली. "नऊ किलोचा!"

"नऊ किलोचं गाठोडंही असू शकतं," स्वप्ना म्हणाली. तिला आशा करायची नव्हती. "जीपमध्ये गाठोडी असतातच."

हितेशनं ओठ आवळले. तेही बरोबर होतं. पुरावा नव्हता.

"गाठोडं न्हवं."

आबा बोलले होते. ते जिन्याजवळ, दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. सगळे वळले.

"तवा मी मार्केटात तोलाईला व्हतो," आबा सावकाश म्हणाले. "त्या उन्हाळ्यात ह्यो एक दिवस सगळ्यांना घेऊन आला. म्हनला, आबा, काट्यावर उभं ऱ्हावा. म्या म्हनलं, टोमॅटो तोलायचा काटा हाय, मानसं कशाला तोलतो? ऐकना. हौशीला उभं केलं, तुझ्या आईला केलं, ठमीला केलं. समद्यांची वजनं हातावर लिवली पेनानं. शेवटाला तुला पारड्यात बसवलं. तू रडाया लागलीस. म्हनून त्यानं तुझ्या हातात टोमॅटो दिला. मग तो टोमॅटो वजा करायला पुन्हा तोलला. बरूबर नऊ किलो भरलीस."

"टोमॅटो वजा केला," हितेश हळूच म्हणाला.

"लई बारीक हिशेबाचा व्हता," आबा म्हणाले. त्यांनी पुढे होऊन हितेशच्या डोक्यावर हात ठेवला, मग रिंकूच्या. "पोरांनू, आम्ही मोठ्यांनी त्याचं सामान पेटीत घालून कुलूप लावलं. तुमी नीट काढलंत. लई नीट काढलंत."

नानांनी मान खाली घातली होती. स्वप्ना त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि त्यांच्या कडक बोटांत तिनं आपली बोटं अडकवली. पडद्यावर ते आकडे तसेच होते. जीप हलणार नव्हती, हे तिला कळलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "आणखी कसा होता तो?"

आबा कापडाच्या गठ्ठ्यावर बसले.

"शिट्टी वाजवायचा," ते म्हणाले. "लई बेसूर."