रोज एक मिलिमीटर

एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या कडेएवढी जाडी. सहज पाहिलं तर डोळ्यांना कळतही नाही.

पण आमच्या घराची पाण्याची टाकी चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद होती. तिच्यातलं पाणी एक मिलिमीटर खाली गेलं, की बारा लिटर कमी व्हायचं.

बारा लिटर म्हणजे एक बादली.

रोज एक बादली पाणी जात होतं. आणि टाकीच्या झाकणाला… कुलूप होतं.

ही घडलेली गोष्ट आहे. मी एकतीस वर्षं इंग्लंडमध्ये, हडर्सफील्डला, पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. आकडा जसा दिसेल तसाच लिहायचा, ही हाताला लागलेली सवय आहे. त्या दिवसांची वही अजून माझ्याजवळ आहे. पहिली नोंद मंगळवार, १७ मार्च २०१५ची. कारियाकू बेट. दुपारचे तीन.

रात्र नव्हती. डोळे उघडवत नव्हते, इतकं ऊन होतं.

आजही दुपारी तीनच्या सुमाराला मी नळ सोडत नाही.

माझा जन्म याच बेटावरचा. नऊ वर्षांची होते तेव्हा आईवडील मला इंग्लंडला घेऊन गेले. माझा नवरा रॉल्स्टनही इथलाच, पण तो विसाव्या वर्षी गेला. त्यामुळे त्याच्या पायांना इथली वाट आठवत होती. माझ्या पायांना नाही.

तो बस चालवायचा. निवृत्त झालो की बेटावर परतायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. एका हिवाळ्यात त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर घराचा नकाशा पसरला. बाहेर बर्फ पडत होता.

"इल्मा, इथे व्हरांडा. इथून समुद्र दिसेल. कसं वाटतं?"

"बघू," मी म्हणाले.

त्याला ते 'हो' वाटलं. मीही ते तसंच वाटू दिलं.

पुढे एकोणीस वर्षं घर बांधत होतो. एका वर्षी पाया, दोन वर्षांनी भिंती, मग छप्पर. २०१४च्या फेब्रुवारीत आम्ही राहायला आलो. नोव्हेंबरमध्ये रॉल्स्टन गेला. पहाटे उठला, छातीवर हात ठेवला, आणि पुन्हा आडवा झाला तो झालाच.

घरामागच्या टेकडीवर, त्याच्या आईवडिलांच्या शेजारी आम्ही त्याला पुरलं.

आता दोघीजणी माझ्या उत्तराची वाट पाहत होत्या.

एक आमची मुलगी जॅनेल. ती हडर्सफील्डला असते. "मम्मी, तिकडे एकटी काय करतेस? तुझं परतीचं तिकीट एप्रिलअखेरपर्यंतच चालेल. येतेस की नाही, ते सांग."

दुसरी माझी नणंद क्लेमी. रॉल्स्टनपेक्षा चार वर्षांनी मोठी, रस्त्यापलीकडेच राहणारी. "गवंडी विचारतोय. रॉल्स्टनवर सिमेंटचं थडगं एकाचं बांधायचं, की शेजारी तुझीही जागा धरून दोघांचं?"

दोघींनाही मी एकच सांगत होते.

"बघू."

खरं सांगायचं तर मी इथे रुळले नव्हते. दुकानात शिरताना आधी सगळ्यांना 'गुड आफ्टरनून' म्हणायचं असतं. मी दोनदा विसरले. तिसऱ्यांदा दुकानदारीण माझ्याकडे बघेचना. बसथांब्यावर मी रांग धरून उभी राहायचे. रांगेत मी एकटीच. माझ्यामागे कुणी आलंच तर विचारायचं, "इंग्लिश मॅडम, अशा एका जागी खिळून का? पायात काटा गेलाय का?"

दुपारी तर मन कुठेच लागायचं नाही. या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. खुर्ची हलवायचे, पुन्हा जागेवर ठेवायचे.

मन रमवायला मोजमाप तेवढं होतं. या बेटावर नदी नाही. छपरावर पडेल तो पाऊस टाकीत साठवायचा आणि पाच कोरडे महिने पुरवायचा. टाकीच्या बाहेरच्या भिंतीवर रॉल्स्टनने माझ्यासाठी एक पारदर्शक नळी बसवली होती. शेजारी पट्टी. पाणी किती आहे ते झाकण न उघडता दिसायचं.

"तुला मोजायला काहीतरी हवंच ना," असं म्हणून तो हसला होता.

पंपालाही मीटर होतं. मी किती पाणी वापरलं ते त्यावर कळायचं. त्या मंगळवारी दोन्ही आकडे जुळेनात.

बारा लिटरचा फरक.

बुधवारी पुन्हा बारा. गुरुवारी… बारा.

मी टाकीच्या चारही भिंती हाताने चाचपल्या. कोरड्या. तळाजवळची माती उकरून पाहिली. कोरडी. मग दर तासाला नळी वाचायला लागले. सकाळी काही नाही. रात्री काही नाही. पाणी उतरायचं ते फक्त दुपारी तीन ते सव्वातीनच्या दरम्यान.

क्लेमी व्हरांड्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला सांगितलं.

"शेळ्या पाणी पितात म्हणून तू कुलूप लावलंस," ती म्हणाली. "आता कुलूपच पाणी प्यायला लागलं?"

"थट्टा नको, क्लेमी. रोज बरोबर बारा लिटर."

"औषध मोजावं तसं पाणी मोजतेस बाई तू. सकाळी दोन चमचे, रात्री दोन चमचे. अगं, टाकी आहे. गळत असेल."

मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण रविवारी मी नळी वाचली, तर पाणी हललंच नव्हतं.

सोमवारी पुन्हा बारा लिटर. पुढच्या रविवारी पुन्हा काही नाही.

"क्लेमी, गळती रविवार पाळते का?"

तिचे हात शेंगांवर थांबले.

"रविवारी पाणी भरायचं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आमच्या आईची शिस्त होती. बाकी सहा दिवस रोज एक खेप."

मग ती उठून घरी गेली. निम्म्या शेंगा तशाच राहिल्या.

आवाज मला आधीपासून येत असावा. पण त्या दिवसानंतर मी तो ऐकायला लागले.

तीन वाजले, की वारा पडायचा. कोंबड्या गप्प व्हायच्या. मग टाकीच्या आत…

डुबुक.

थोडी शांतता. दोर ओला झाला की करकरतो, तसा आवाज. मग ठिबकणारे थेंब. एक… दोन… तीन…

दोर बांधलेली बादली या घरात कधी आलीच नव्हती. पाणी पंपानेच यायचं.

बुधवारी, एक एप्रिलला, मी ठरवून टाकीवर चढले आणि झाकणावर बसले. किल्ली माझ्या मुठीत. नळी समोर दिसेल अशी मान वाकवून ठेवली.

तीनला दोन मिनिटं होती. काही नाही.

तीन वाजले.

नळीतलं पाणी थरथरलं.

माझ्याखाली, अगदी माझ्याखाली, काहीतरी पाण्यात पडलं. झाकणाचं सिमेंट माझ्या तळव्याखाली हलकेच कापलं. कुणीतरी दोर ओढत होतं. वर… वर… आणि मग गार, ओलसर असं काहीतरी माझ्या पोटरीला घासून गेलं.

पाय पाहिला. कोरडा होता.

नळीतलं पाणी एक मिलिमीटर खाली आलं होतं.

ओरडावं असं वाटलं नाही. खोटं सांगत नाही. डोकं एकदम स्वच्छ झालं होतं. प्रयोगशाळेत काही भलतंच दिसलं की व्हायचं, तसं. पाणी निघालं आहे, तर ते कुठेतरी जाणार. मी खाली उतरले आणि ठिबकण्याच्या आवाजामागे चालायला लागले.

दिसत काहीच नव्हतं. धुळीत ओला ठिपका नव्हता. फक्त आवाज पुढे चालला होता. टेकडीच्या दिशेने.

पीक निघाल्यावर इथे शेळ्या मोकळ्या सोडतात. पायवाटेवर पंधरावीस शेळ्या बसल्या होत्या. त्या उठल्या. घाबरून पळाल्या नाहीत. नुसत्या बाजूला झाल्या. एक माणूस जाईल एवढी वाट त्यांनी करून दिली.

मी अजून दहा पावलं मागे होते.

मी पोहोचायच्या आत ती वाट बंद झाली. शेळ्या पुन्हा बसल्या.

त्यांच्यातून मार्ग काढत वर गेले. रॉल्स्टनचा मातीचा ढीग उन्हाने पांढरा पडला होता. भेगाळला होता. आजूबाजूचं गवत वाळून कुरकुरत होतं.

फक्त त्याच्या डाव्या हाताची मोकळी जागा…

ओली होती.

काळीभोर, लांबट. मी पावलांनी मोजली. साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद. कडा सरळ, पट्टीने आखल्यासारख्या.

क्लेमीला बोलावून आणलं. ती पाहत राहिली.

"बोल ना, क्लेमी. हे काय आहे?"

"उन्हाळ्यात इथली माती दगड होते," ती म्हणाली. "कुदळ उडते. म्हणून कुणी गेलं, की खणणारे आधी पाणी ओततात. माती मऊ पडायला."

"पण आता तर कुणी गेलेलं नाही."

"नाही."

"मग हे कुणासाठी…"

नेहमी काहीतरी टोचून बोलणारी क्लेमी माझा हात धरून उभी होती.

घराच्या बांधकामातली एक सळई उरली होती. ती मी त्या ओल्या जागेत दाबली. एकेचाळीस सेंटिमीटर आत गेली. मग कडक लागलं.

गुरुवारी चव्वेचाळीस.

गुड फ्रायडेला काही नाही. शनिवारी सत्तेचाळीस.

इथे खड्डा दीडशे सेंटिमीटर खणतात. उरलेलं अंतर भागिले तीन, आणि मधले रविवार सोडायचे. शाळेतल्या मुलालाही जमेल असं गणित. तारीख निघाली.

ती मी इथे लिहिणार नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. हडर्सफील्डला हिवाळ्यात माझी पहाटेची पाळी असायची. रॉल्स्टन माझ्याआधी उठायचा. बाहेर जाऊन माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा, गाडी गरम करून ठेवायचा. मला एका शब्दाने न सांगता. मी जाऊन बसले की सीट उबदार असायची.

माझ्यासाठी सगळं आधी तयार करून ठेवायचं, ही त्याची माया होती.

मला इथे यायचं आहे का, हे मात्र त्याने कधी विचारलं नाही. आणि विचारलं असतं, तर मी काय म्हणाले असते?

रविवारी जॅनेलचा फोन आला. "मम्मी, आता तरी सांग. तिकिटाला तीन आठवडे उरलेत."

"उद्या सांगते," मी म्हणाले.

"उद्या? म्हणजे 'बघू' नाही?" ती हसली. मग हसायची थांबली. "तू बरी आहेस ना?"

सोमवारी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सगळं गाव समुद्रावर गेलं होतं. क्लेमी आणि मी पावणेतीनला टेकडीवर गेलो. क्लेमीने येताना रमची छोटी बाटली आणली होती. रॉल्स्टनच्या उशाशी तिने थोडी ओतली.

"रॉली," ती म्हणाली, "तुझी बायको आली आहे. नीट वाग."

आवाज काढायला गेली थट्टेचा, पण तो चिरकला.

तीन वाजले. वारा पडला.

खालच्या वाटेवर शेळ्या एकेक करून उठल्या. बाजूला झाल्या.

थेंब… थेंब…

आवाज आमच्यापर्यंत आला. आमच्या मधून गेला. ओल्या दोराचा कुबट वास आला. क्लेमीने डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत.

मातीवर पाणी पडायला लागलं. पाणी दिसत नव्हतं. फक्त माती उशाकडून पायथ्याकडे काळी होत चालली होती. सावकाश. अगदी काळजीपूर्वक, एक थेंब वाया जाऊ नये म्हणून कुणी ओतावं तशी.

"बोल," क्लेमी कुजबुजली. "इल्मा, जे असेल ते बोल आता."

निम्म्यावर पाणी थांबलं.

अर्धी जागा काळी. अर्धी अजून कालच्यासारखी फिकट.

काहीच आवाज नव्हता. थेंबसुद्धा नाही. बादली अर्धी कलती धरून कुणीतरी मान वळवून ऐकतंय, एवढी शांतता.

माझ्या जिभेवर 'बघू' आलं. मी ते गिळलं.

"रॉल्स्टन," मी म्हणाले, "मला इथे राहायचं नाही. तू नकाशा दाखवलास त्या दिवशीही नव्हतं. मी तुला सांगितलं नाही, ती चूक माझी. मी परत जातेय."

उरलेली अर्धी जागा तशीच फिकट राहिली, आणि थेंबांचा आवाज आमच्या मधून परत खाली, टाकीकडे निघून गेला.