काठ्या एकाकडे, कापड दुसऱ्याकडे

सासऱ्यांची सायकल घरी आणायची होती. काम एवढंच. ती उंच माळाच्या पल्याड, मेंढपाळांच्या एका दगडी खोपटात उभी होती. गेल्या वर्षी सासऱ्यांना मेंढपाळांनी तिथून खेचरावर घालून खाली आणलं, ते घरी पोचले तेव्हा बोलण्याच्या पलीकडे गेलेले. मरणाचं कारण म्हणून डॉक्टरांनी हृदयाचं नाव घेतलं, थंडीचंही घेतलं. तेव्हापासून आमच्या सायकलच्या दुकानात, छताला, त्यांच्या सायकलचा आकडा रिकामा लटकत होता. सासूबाई रोज तो फडक्याने पुसायच्या. एका सकाळी पुसता पुसता म्हणाल्या, "घेऊन या."

"कोणाला सांगतेस?" थोरल्याने विचारलं.

"दोघांना."

खरी चढण इथेच सुरू झाली. थोरला म्हणजे माझा नवरा, धाकटा म्हणजे माझा दीर, आणि दोघांत वर्षभर शब्द नव्हता. त्या वेळी सासऱ्यांनी दोघांनाही बरोबर चला म्हटलं होतं. थोरल्याला वाटलं धाकटा जाईल, धाकट्याला वाटलं थोरला जाईल. "तुम्ही व्हा पुढे, बाबा, कोणीतरी गाठेलच मागून," असं दोघांनीही वेगवेगळं, आणि अगदी मायेने, सांगितलं. सासरे पुढे झाले. गाठलं कोणीच नाही. नंतर प्रत्येकाने सगळा दोष दुसऱ्याच्या खात्यावर टाकला आणि आपलं पान कोरं ठेवलं. मी औषधांच्या गोदामात साठा सांभाळते. असली कोरी पानं मला लांबून ओळखू येतात.

त्या माळावर गाडी जात नाही, आणि पायी निघालं तर पाणी अर्ध्या वाटेत संपतं. म्हणून सायकल. दुकानाच्या मागच्या खोलीत ताडपत्री पसरली, वजन करायला वर ताणकाटा टांगला आणि आम्ही सामान निवडायला बसलो. सामान निवडताना माणूस जितका उघडा पडतो तितका आंघोळीलाही पडत नसेल! थोरल्याला प्रत्येक वस्तूला जोडीदार हवा. ब्रेकची वायर, तिला दुसरी वायर, आणि ती दुसरी एकटी पडू नये म्हणून तिसरी. धाकट्याचा प्रकार उलटा. त्याने दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीने कापली, टॉवेल अर्धा फाडला, आणि मग त्याचं लक्ष माझ्याकडे वळलं.

"वहिनी, त्या कंगव्याचे निम्मे दात काढलेस तर चालेल की."

"आधी तुझे काढू का?"

सासूबाई मशीनवर पिशव्या शिवत होत्या. दांड्यांच्या त्रिकोणात बसणारी एक, हँडलवर गुंडाळून बांधायची एक, सीटमागे शेपटीसारखी निघणारी एक. लोखंडी कॅरियर त्यांनी कधीच बाद केलं होतं, खडकाळ वाटेवर ते आधी खुळखुळतं आणि मग तुटतं. जड ते खाली, भिजू नये ते आत, पाऊस आला तर लागेल ते सगळ्यात वर. आणि सासऱ्यांनी घालून दिलेली घरची रीत अशी, की कुठलीही वस्तू पूर्ण एकाकडे द्यायची नाही. तंबूचं कापड एकाकडे, काठ्या दुसऱ्याकडे. स्टोव्ह एकाकडे, इंधन दुसऱ्याकडे. वजन वाटलं जातं, आणि माणसं एकमेकांच्या नजरेआड जात नाहीत. घरातल्या सगळ्या सायकलींची चाकंही त्यांनी म्हणूनच एका मापाची ठेवली होती.

थोरल्याच्या वाट्याला कापड, स्टोव्ह आणि पंक्चरचे तुकडे आले. मला काडेपेटी आणि पाण्याच्या जास्तीच्या बाटल्या. धाकट्यासाठी सासूबाईंनी माळ्यावरून एक आधीच बांधलेली पिशवी उतरवली.

"ही तू घे. काठ्या आहेत, इंधनाची बाटली आहे, पंप आहे."

"कोणाची गं, आई?"

"राहून गेलेली आहे."

दुकानात गिऱ्हाइकांच्या राहून गेलेल्या पिशव्या असतातच. त्याने ती सीटमागे आवळली.

माळावर वाट अशी नव्हतीच, दगडांनी दगडांना दिलेली जागा तेवढी होती. टायरमधली हवा कमी करून आम्ही खडखडत चाललो. सपाटीवर वारा समोरून यायचा, चढावर सायकल ढकलावी लागायची, आणि मागे वळून पाहिलं की सकाळची टेकडी तिथेच बसलेली, आपल्याकडे बघत. संध्याकाळी दोन्ही भाऊ एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत.

"वहिनी, त्यांना सांग, काठ्या इथे ठेवल्यात."

"त्याला सांग, दिसतंय मला."

मध्ये हातभर अंतर! तंबू उभा केला तर काठ्या किंचित लांब निघाल्या. कापड ताणलं गेलं, दाराची चेन अर्ध्यावर अडली. "माप चुकलंय," थोरला पुटपुटला. "आईचं माप चुकत नाही कधी." रात्रभर त्या फटीतून वारा आत येत राहिला.

खोपट डोंगराच्या एका धारेपलीकडे राहिलं असताना वाट फुटली. एक लांबचा वळसा, एक घळीतून सरळ उतार. धाकट्याने घळ पाहिली.

"वहिनी, त्यांना सांग, त्यांनी वळशाने यावं सावकाश. सावकाश यायची सवय आहेच त्यांना."

थोरल्याचा चेहरा उतरला. "त्याला विचार, पुढे पळायची ही घाई गेल्या वर्षी कुठे होती?"

"टपाल बंद!" मी ओरडले. "स्वतः बोला, नाहीतर गप्प बसा."

धाकटा घळीत शिरला. आम्ही वळशाला लागलो, आणि आभाळ काळवंडलं. आधी वारा थांबला. मग गारा आल्या! हेल्मेटवर, पाठीवर, बोटांवर! थोरल्याने तंबूचं कापड उपसलं आणि आम्ही दोघं त्याखाली दडलो. वारा ते हातातून ओढत होता.

"काठ्या त्याच्याकडे!" तो ओरडला. आणि तोंड तसंच उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिला. काठ्या त्याच्याकडे होत्या, पण कापड आमच्याकडे होतं. खाली घळीत त्याच्यावर काय होतं?

तो उठला. कापड आणि पिशव्या खांद्याला अडकवल्या, सायकली तिथेच टाकल्या. गारांवरून घसरत, बसत, दगड धरत आम्ही उतरलो. घळीच्या तळातून पाणी वाहायला लागलं होतं, मातकट आणि दर क्षणाला रुंद.

"धाकल्या! अरे, धाकल्या!"

पाण्याचा आवाज. मग अगदी खालून, लहान मुलासारखा:

"दादा!"

तो एका खडकाला बिलगून होता. घोटा सुजलेला. सायकल आडवी, मागचं चाक मधोमध दुमडलेलं. पाणी गुडघ्याला लागलं होतं. थोरल्याने त्याला पाठीवर घेतलं. मी सायकल ओढली. एक पाऊल. दगड सुटला! पुन्हा पाऊल. पाणी माझ्या मांडीला भिडलं! वरच्या कपारीवर हात पोचला, आणि आम्ही तिघं एकमेकांवर कोसळलो. खाली, जिथे तो मघाशी बसला होता, तिथे फक्त पाणी होतं.

त्या कपारीवर काठ्या आणि कापड एकत्र आलं. स्टोव्ह आणि इंधन एकत्र आलं. काडी माझी.

"बाटली दे."

"घे."

"पाय वर ठेव."

वर्षभराच्या काटकसरीनंतर ही उधळपट्टीच होती. मी चहा ओतला आणि तोंड बंद ठेवलं.

सकाळी वर टाकलेल्या सायकली आणून, थोरल्याच्या सायकलवर धाकट्याला बसवून, त्याची सायकल मागून उचलून ढकलत, आम्ही धार ओलांडली. खोपटाचं निम्मं छप्पर ढासळलं होतं. सासऱ्यांची सायकल भिंतीला टेकून उभी होती. छपराची शिळा पडून पुढचं चाक आणि फोर्क चेपले होते. सीटमागे सासूबाईंच्या हातची पिशवी धुळीने पांढरी झालेली.

थोरल्याने ती उघडली. तंबूचं कापड निघालं, नीट घडी केलेलं. स्टोव्ह निघाला. त्याने हात कोपरापर्यंत घातला, मग पिशवी उलटी करून झटकली.

"काठ्या कुठायत? आणि इंधन?"

उंबऱ्यावर बसलेल्या धाकट्याने आपल्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं, त्या राहून गेलेल्या पिशवीकडे. त्याने काठ्या बाहेर काढल्या. त्यांच्या टोकांना निळी पट्टी होती. घडीच्या कापडाच्या कडांनाही तीच निळी पट्टी.

दोघांनी मिळून तो तंबू खोपटातच उभा केला. एक सुरकुती पडली नाही. दाराची चेन शेवटपर्यंत गेली.

"बाबा इथे बसून राहिले," धाकटा म्हणाला. "हे घेऊन कोणीतरी येईल म्हणून."

"मी येईन म्हणून."

"किंवा मी."

थोरला त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसला. मी बाहेर गेले. सासूबाईंनी वर्षभरात कोणाला एका शब्दाने दोष दिला नव्हता. त्यांनी फक्त सामान बांधून दिलं होतं.

परत आले तेव्हा थोरला सासऱ्यांची सायकल खांद्यावर घेऊन बघत होता. "मी नेतो. अशीच नेतो."

"पाणी तिघांना जेमतेम पुरेल," मी म्हटलं. "वाटेत आभाळ पुन्हा भरेल. याला चालता येत नाही."

"आईने सायकल आणायला सांगितलंय!"

"ठेव, दादा," धाकटा म्हणाला. "मागचं चाक तेवढं काढ. ते चांगलं आहे."

थोरल्याने एकदा दाराबाहेरच्या आभाळाकडे पाहिलं. मग त्याने सायकल हळूच, झोपलेल्या माणसाला ठेवावं तशी, खाली ठेवली. धाकट्याच्या दुमडलेल्या चाकाच्या जागी सासऱ्यांचं चाक बसवलं. जराही घासलं नाही. सासऱ्यांची पिशवी मी माझ्या सीटमागे बांधली. ट्यूबला तुकडा थोरल्याने लावला, हवा धाकट्याने भरली. एका पायाने पायडल मारत, चढावर आम्ही ढकलत, तो त्या चाकावर माळ उतरला. पुढे कोणी गेलं नाही, मागे कोणी राहिलं नाही.

दुकानाच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सायकली पाहिल्या, मग ते चाक पाहिलं. वाकून त्यांनी त्याच्यावर हात ठेवला.

"बाकीची?"

"तिथेच आहे, आई," थोरला म्हणाला. "एवढंच आणता आलं."

त्यांनी मान हलवली. सासऱ्यांची आणि माळ्यावरची, दोन्ही पिशव्या आत नेल्या, ताडपत्रीवर रिकाम्या केल्या. निळ्या पट्टीच्या काठ्या आणि निळ्या पट्टीचं कापड शेजारी शेजारी ठेवलं, त्यावरची धूळ पुसली, आणि आमच्याकडे न बघता विचारलं,

"पुन्हा जाताना काठ्या कोण घेणार?"

"मी," दोघंही एकदम म्हणाले.

सासूबाईंच्या तोंडावर वर्षानंतर पहिल्यांदा काहीतरी हललं.

"एकाने घ्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याने कापड घ्यायचं."