शेवटचं उत्तर: आत्ताच

चहा घ्या, वारा इतक्यात थांबायचा नाही. उद्या तुम्हाला कॉम्प्युटरची यादी साफ करायला सांगितलीय ना? मग रुश्दीची गोष्ट ऐकूनच घरी जा. हॉस्पिटलच्या याच तळघरात, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा तो. खोटं बोलत असेन तर जीभ झडो.

अठ्ठावीस जानेवारी, बुधवारची रात्र. दर जानेवारीत येणाऱ्या करमच्या वादळानं अलेक्झांड्रियाला झोडपून काढलं होतं. रुश्दीचं काम साधंच होतं. रात्री दोनला कैरोहून सगळ्या मशीनना नवा प्रोग्राम घ्यायचा हुकूम यायचा होता. मशीन दहा मिनिटं बंद पडणार, मग परत सुरू होणार. त्याआधी यादीतली मेलेली नावं काढायची. मशीन भंगारात जातं, पत्ता दुसऱ्या मशीनला मिळतो, पण जुनं नाव यादीत चिकटून बसतं. भाडेकरू गेला तरी दारावर पाटी त्याचीच. मग एकाचा हुकूम दुसऱ्याच्या दारात जातो.

वर तिसऱ्या मजल्यावर त्याची आई होती, हाज्जा इन्शिराह. हृदय थकलेलं. नर्सच्या टेबलावरचा कॉम्प्युटरचा पडदा सगळ्या पेशंटांचे ठोके दाखवायचा, आणि ठोका चुकला की तोच बोंबलायचा. त्या पडद्याला रुश्दीनं दोनच्या हुकुमातून वगळलं होतं. दोनदा तपासलं होतं.

संध्याकाळी तो आईला सहलब, ते गरम दाट दूध, पाजायला गेला, तर म्हातारी म्हणते, "काय रे, तुझ्या त्या डब्यात सगळ्या हॉस्पिटलची नावं. माझं आहे का?"

"तू काय मशीन आहेस, अम्मा?"

"मशीन असते तर दिवसातून चारदा माझी विचारपूस केली असतीस, मेल्या!"

वफा नर्स तोंडावर हात धरून हसली. रुश्दीही हसला, पण त्याला ते लागलं.

अकरा चाळीसला यादीत मेलेलं एकच नाव उरलं. समीहा. आपल्याकडे मशीनला त्यावर बसणाऱ्याचं नाव देतात, हे तुम्हाला माहीतच आहे. समीहा तिसऱ्या मजल्यावरची नर्स. ती वारल्याला चार वर्षं झाली होती, मशीनही भंगारात गेलं होतं. नाव रुश्दीनंच मुद्दाम ठेवलं होतं. माया, दुसरं काय! पण मशीननं शेवटची ओ कधी दिली ते नावापुढे दिसतं, तिथे लिहिलं होतं... शेवटचं उत्तर: आत्ताच.

त्यानं पत्ता पाहिला. पत्ता वरच्या त्या पडद्याचा होता. म्हणजे दोनला समीहाच्या नावचा हुकूम तिथे जाणार, आणि पडदा बंद पडणार.

नाव मिटवलं. यादी पुन्हा उघडली.

समीहा. आत्ताच.

परत मिटवलं. परत आली. दहादा... वीसदा...

हुकूम कैरोच्या हातात. फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. त्यातच दोन तास गेले. दोनला पाच कमी. वर वफाला फोन केला, तर वादळानं ती लाइन गेलेली.

लिफ्ट बंद.

तो जिन्याकडे धावला. पहिला मजला. दुसरा. कुठेतरी खिडकी आपटली. दोनचे ठोके...

तिसरा मजला. पडदा काळा. आवाज नाही. कसलाच नाही.

वफा सहाव्या खाटेवरच्या पेशंटची कूस बदलत होती. तिनं वळून पाहिलं.

"इंजिनियरसाहेब... काय झालं?"

तो आईच्या खाटेपाशी गेला. तिचा हात अजून गरम होता.

"पण वाजलंच नाही हो!" वफा रडायला लागली. "वाजलं असतं तर मी..."

"माहितेय मला," रुश्दी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. संध्याकाळी तो इथे येऊन बसला. यादी उघडली. समीहा नव्हती. तिच्या जागी दुसरं नाव होतं... इन्शिराह. जन्मात जिनं कळफलकाला बोट लावलं नाही, तिचं. पत्त्याची जागा कोरी.

ते नाव त्यानं कुणाला मिटवू दिलं नाही. नोकरी संपेपर्यंत दिवसातून चारदा तो यादी उघडायचा. नावापुढे लिहिलेलं असायचं, शेवटचं उत्तर: आत्ताच.