मक्याचे बारा दाणे

"ओ शहाणे! तो धोंडा काढा आधी!"

लोमी पाटाच्या कडेनं धावत आली ती थेट त्या माणसाच्या डोक्यावर येऊन उभी राहिली. धुकं इतकं दाट होतं, की आधी तिला नुसती निळ्या जाकिटातली पाठ दिसली, मग पाण्यात कोपरापर्यंत बुडालेले दोन हात, आणि मग... मागे वळलेला चेहरा. चेहरा बरा होता. पण त्या घडीला तिला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

"कुठला धोंडा?" त्यानं विचारलं. धोंडा त्याच्या हातातच होता.

"हाच. जो तुम्ही खाचेत कोंबताय."

पाटाच्या तोंडाशी एक जाडजूड लाकूड आडवं टाकलेलं होतं. त्यात पाच खाचा. एक चार बोटं रुंद, एक सहा बोटं. ज्याची जेवढी भातखाचरं, तेवढं त्याचं पाणी. लोमीच्या आजोबांच्या आजोबांनी त्या खाचा कोरल्या होत्या. तेव्हापासून गावात सोयरिकी मोडल्या, भावाभावांनी चुली वेगळ्या केल्या, पण त्या लाकडाला कुणी बोट लावलं नव्हतं. आज डोंगराखालच्या ज्येनश्वेइ शहरातल्या एका ड्रायव्हरनं आख्खा हात लावला होता.

"त्याचं काय झालं," तो म्हणाला, "माझ्या गाडीतल्या त्या पाहुण्या बाई शांघायहून आल्यात. खालच्या खाचरात पाणी जरा वाढलं तर आभाळ पुरतं उतरेल म्हणाल्या. फोटोत छान दिसेल. पाचच मिनिटं हो... म्हटलं, एवढ्या पाण्यात कुणाला काय कळतंय!"

"मला कळतंय. वरच्या वळणावर होते. पाण्याचा आवाज बदलला."

तो बघतच राहिला. "आवाजावरून कळलं?"

"माझे आदा इथले पाटकरी आहेत. बापाचा कान मुलीला मिळाला. नाव सांगा तुमचं."

"फांग रुईलिन." मग हसून, "फोन नंबरही देऊ?"

"नको. दंड द्या."

लाकडाला हात लावला तर सात दिवस पाट साफ करायचा, हा त्या पाटावरच्या तिन्ही गावांचा कायदा होता. इथल्या हानी जमातीच्या माणसाला तो आईच्या दुधाबरोबर कळतो, शहरातल्याला कसा कळणार? त्यानं गाडी काढली असती आणि डोंगर उतरून गेला असता, तर त्याच्यामागे कोण धावणार होतं? लोमीलाही ते ठाऊक होतं. म्हणूनच तिनं कमरेवर हात ठेवून आवाज जास्तच चढवला होता.

पण तो गेला नाही. धोंडा बांधावर ठेवून त्यानं ओले हात पँटला पुसले.

"दर आठवड्याला पाहुणे घेऊन येतो मी. एक दिवस आमचं जुनं शहर, दोन दिवस तुमची गावं आणि खाचरं. पाहुणे फोटो काढतील, मी गाळ काढीन. दर खेपेला एक दिवस. चालेल?"

"चालवून घेऊ," लोमी म्हणाली. आणि तोंड फिरवल्यावर मगच हसली.

पहिल्या दिवशी रुईलिन तीनदा घसरला आणि एकदा पुरता बसला. लोमी विळ्यानं काठचं गवत कापत होती. ती काही उठवायला गेली नाही.

"मदत वगैरे काही पद्धत आहे का तुमच्यात?" चिखलातून त्यानं विचारलं.

"आहे की. दंडातल्या माणसाला नाही."

संध्याकाळी त्यानं उजव्या खिशातून मक्याचा एक दाणा काढला आणि डाव्या खिशात टाकला. तिनं भुवया उंचावल्या.

"आईची सवय," तो म्हणाला. "तिचं टोफू भाजायचं दुकान आहे, जुन्या शहराच्या देवडीजवळ. गिऱ्हाईक शेगडीभोवती बसून खातं आणि आई एकेका टोफूला एकेक दाणा वाटीत टाकते. चाळीस वर्षांत एक दाणा चुकला नाही तिचा. सात दिवस म्हणजे सात दाणे. तुम्ही आठवा दिवस माझ्या गळ्यात मारायला नको."

"आम्ही मापात खोट करत नाही," लोमी ठसक्यात म्हणाली. तिनं बांबूची एक कांडी काढून तिच्यावर विळ्यानं पहिला कापा घेतला आणि ती पाटाशेजारच्या खोपीत टांगून ठेवली. "इथं कुणाला चुकून जास्त पाणी गेलं, तर तेवढाच वेळ त्याची खाच बंद ठेवतो. घेतलेलं परत द्यायचं. मग ते आबो असले तरी."

आबो म्हणजे गावचे सर्वांत वडीलधारे आजोबा. त्यांच्या शब्दापुढे तिन्ही गावांत कुणी जात नसे. आणि त्यांच्याच शब्दावर त्या हिवाळ्यात लोमीचा जीव टांगलेला होता. आदांचा गुडघा गेला होता. दोन मैलांचा पाट रोज चालणं त्यांना आता जमणार नव्हतं. माघातल्या गावजेवणाला नवा पाटकरी नेमायचा होता आणि लोमीला ते काम हवं होतं. तिला दुसरं काहीच नको होतं. निदान नोव्हेंबरातल्या त्या धुक्यापर्यंत तरी नको होतं.

मग दर आठवड्याला रुईलिनची पांढरी गाडी वळणावर दिसू लागली. लोमीला ती दिसायच्या आधी ऐकू यायची.

तो काम शिकला. गाळ कुठं टाकायचा, खेकड्याची बिळं कशी बुजवायची, बदकं पाटात शिरली तर कुणाच्या नावानं ओरडायचं, सगळं शिकला. बोलणं मात्र त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाहुण्यांच्या नकला करायचा. खारवलेलं अंडं फोडून पिवळा बलक तिच्यासाठी ठेवायचा आणि वर म्हणायचा, "मला आवडत नाही." तिसऱ्या खेपेला त्याच्या पाहुण्याच्या डब्यातलं अंडं त्यानं बलकासकट गट्ट केलेलं तिनं पाहिलं. रात्री ते आठवून ती चुलीपुढे एकटीच हसली, आणि आदा म्हणाले, "धूर गेला का गं डोळ्यात?"

पाचव्या खेपेला पावसाची भुरभुर सुरू झाली. इरलं एकच होतं.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला.

"मला सवय आहे. तुम्ही घ्या, शहरातले लोक विरघळतात."

"मग दोघं..."

दोघं त्या इरल्याखाली खांद्याला खांदा लावून बसले. समोर डोंगरभर खाचरं पाण्यानं भरलेली. लोमीनं ती जन्मापासून पाहिली होती, पण त्या दिवशी तिला त्यातलं काहीच दिसलं नाही. तिला आपला उजवा खांदा तेवढा कळत होता.

"लोमी," तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं नाव घेऊन. "तुला... इथून कधी जावंसं वाटत नाही?"

"नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुला कधी यावंसं वाटत नाही?"

"मी तर येतोच आहे."

"दंड म्हणून."

त्यानं पावसाकडे बघत मान हलवली. "हो, हो... दंड म्हणूनच."

सातवा दिवस आला आणि गेला. संध्याकाळी लोमी खोपीत जाऊन कांडीसमोर उभी राहिली. कांडीवर सहा कापे होते. विळा हातात होता. बाहेर रुईलिन खिशात हात घालून उभा होता.

"झालं का?" त्यानं विचारलं.

लोमीनं आयुष्यात कधी बोटभर पाणी इकडचं तिकडं केलं नव्हतं. तिनं विळा खाली ठेवला.

"अजून... आहे थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"आहे म्हटलं ना! दंडातल्या माणसानं फार विचारू नये."

"बरं," तो शहाण्या मुलासारखा म्हणाला. "पुढच्या आठवड्यात येतो."

असे आणखी पाच आठवडे गेले.

गावजेवणाच्या दिवशी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलाला टेबल लागलं. घराघरातून थाळ्या आल्या. लाल भात, खाचरातले तळलेले मासे, पुदिन्यातलं डुकराचं मांस. तांदळाच्या दारूचे वाडगे फिरले. रुईलिन पाहुण्यांसोबत खालच्या टेबलावर होता आणि बायका त्याला आग्रह करून करून वाढत होत्या. लोमी चांदीच्या गुंड्यांचं निळं जाकीट घालून आदांशेजारी बसली होती. तिची थाळी अजून भरलेलीच होती.

आबोंनी वाडगा खाली ठेवला. "पाट कोणी सांभाळायचा, ते बोला."

"लोमी," दहा-बारा आवाज एकदम आले.

"जरा थांबा." वरच्या गावचा चोसा उठला. त्यालाही ते काम हवं होतं, आणि त्यानं काही लपवलंही नव्हतं. त्याच्या हातात बांबूची कांडी होती. "त्या ड्रायव्हरला दंड किती दिवसांचा? सात. या कांडीवर कापे किती? सहा. आणि तो पाटावर किती वेळा राबला, ते सगळ्यांनी पाहिलंय. मी तर मोजलंय. बारा! जिला सातच्या पुढे मोजता येत नाही, तिच्या हाती तिन्ही गावांचं पाणी द्यायचं?"

कुठं तरी एक बदक ओरडलं तेवढंच.

"लोमी," आबो म्हणाले, "मोजताना चूक झाली का?"

हो म्हणणं सोपं होतं. चूक कुणाचीही होते, लोक हसले असते आणि सोडून दिलं असतं. लोमीनं आदांकडे पाहिलं. मग ती उठून उभी राहिली.

"चूक नाही झाली, आबो. सात दिवस कधीच झाले होते. मीच कापा घेतला नाही."

"का?"

"दंड संपला असता तर तो आला नसता." तिचा आवाज थोडा कापला. मग तिनंच तो सरळ केला. "आणि मला तो यायला हवा होता. आवडतो मला. आता काय ते ठरवा."

एका बाईच्या हातून चमचा पडला. आदांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. खालच्या टेबलावर रुईलिनच्या तोंडात आख्खा मासा होता. तो त्यानं कसाबसा गिळला आणि उठला. डाव्या खिशातून मक्याचे दाणे काढून त्यानं आबोंपुढे टेबलावर ओतले.

"बारा आहेत," तो म्हणाला. "टोफूवालीचा मुलगा आहे मी, आबो. सातपर्यंत मलाही मोजता येतं. ही सांगत नव्हती, आणि मी विचारत नव्हतो. विचारलं असतं तर... दंड संपला असता ना!"

आता मात्र गल्ली हसली. पण चोसा बसला नाही. "हसा, हसा! उद्या लग्न करून ही शहरात गेली, की पाट काय बदकं सांभाळतील?"

"मी कुठं जाते?" लोमी म्हणाली. "पाणी वर चढत नाही, चोसादादा. माणूस चढतो. चढायचं ते त्यानं."

सगळ्यांच्या माना रुईलिनकडे वळल्या. त्याला कुणी आधी विचारलं नव्हतं. लोमीनंही नाही. तिला ते आता कळलं, आणि ती जन्मात पहिल्यांदा लाजली.

"बारा वेळा चढलोच की," तो तिच्याकडेच बघत म्हणाला. "रस्ता पाठ झालाय. गाडी काय, तिला दोन्हीकडे दार आहे. इथंच राहीन, आणि पाहुणे खालून वर आणतो तसे वरून खाली नेईन."

आबोंनी दाणे बोटानं सरकवत दोन ढीग केले. सात आणि पाच.

"पोरीनं मापात खोट केली," ते म्हणाले, "पण विचारल्यावर झाकली नाही. पाट तिच्याकडेच राहील. मात्र जास्त घेतलं ते परत द्यायचं. पाच दिवस तिनं जाऊन याच्या आईकडे राबायचं." मग वाडगा उचलत, "आणि चोसा, तोवर पाट तू बघ. नुसतं मोजत बसू नकोस."

रुईलिनच्या आईनं लोमीला वरपासून खालपर्यंत एकदाच पाहिलं. "पाण्याचं म्हणे आवाजावरून कळतं तुला. टोफूचं कळतं का?"

"शिकेन, काकू."

पहिल्या दिवशी तिनं निम्मे जाळले. दुसऱ्या दिवशी बोट भाजलं. काकू कौतुक करत नव्हत्या आणि रागावतही नव्हत्या, नुसत्या चिमटा पुढे करत होत्या. चौथ्या दिवशी लोमी गिऱ्हाइकाच्या अंगावरून वाकून म्हणाली, "काकू, तो कडेचा उलटा. फुगला. आवाज बदलला त्याचा." काकूंनी उलटला. खालून सोनेरी झालेला होता. काकूंनी त्यावर तिखट घालून तो लोमीच्याच वाटीत टाकला.

पाचव्या संध्याकाळी लोमीनं बोचकं बांधलं. रुईलिन गाडीची किल्ली घेऊन उभा होता. फळीवर एक वेगळी वाटी होती, तिच्या दिवसांची. रोज एक दाणा रुईलिन त्यात टाकत होता. निघताना तिनं वाटीत डोकावलं.

दाणे चार होते.

"रुईलिन!" तिनं डोळे वटारले.

"शप्पथ, मी पाच टाकलेत! आत्ताच टाकला पाचवा. मी नाही... आई?"

काकू शेगडीवरचे टोफू एकेक करून उलटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माझ्या हिशेबानं चारच झालेत. चाळीस वर्षांत चूक नाही झाली माझी."

लोमीनं बोचकं खाली ठेवलं, बाही वर सारली आणि चिमटा उचलला.

"काकू, एक सांगते. जास्त घेतलं तर परत द्यावं लागतं हं. आमच्याकडे नियमच आहे तसा."

"देईन की," काकू म्हणाल्या. "पोरगाच देते."